सूत्र पाठ आहे, समीकरण मांडता येत नाही

वाचकाचं पत्र

मी कागलला राहते, दहावीत आहे आणि क्लासला कोल्हापूरला येते. समीकरण दिलं की मला सोडवता येतं, वर्गसमीकरणाचे अवयवही पाडता येतात. पण अंतर, वेग आणि वेळेचं शाब्दिक उदाहरण आलं की सुरुवातच सुचत नाही. तिन्ही सूत्रं पाठ आहेत. परवा क्लासमध्ये हे उदाहरण होतं: एसटी सकाळी ६ वाजता कोल्हापूरहून पुण्याकडे ताशी ५० किमी वेगाने निघाली. त्याच रस्त्याने ७ वाजता एक मोटार ताशी ७० किमी वेगाने निघाली. मोटार एसटीला किती अंतरावर गाठेल? मी एसटीचा वेळ क्ष मानला. मोटार १ तास उशिरा निघाली म्हणून तिचा वेळ क्ष + १ लिहिला. क्ष ची किंमत उणे साडेतीन आली. मी उणे चिन्ह खोडलं, ५० ला साडेतीनने गुणलं, १७५ किमी उत्तर आलं आणि ते पुस्तकाशी जुळलं. तरी सरांनी गुण दिले नाहीत. असं का? आणि क्ष नक्की कशाला मानायचा, वेगाला की वेळेला?

उत्तर

प्रिय विद्यार्थिनी,

सरांनी गुण दिले नाहीत ते योग्यच केलं. त्यामागचं कारण आधी पाहू, कारण तुझी बरीचशी अडचण त्या एका अधिक चिन्हात आहे.

‘उशिरा’ हा शब्द वाचला की हात आपोआप अधिक लिहितो. घड्याळापुरतं ते खरं आहे, ६ मध्ये १ मिळवला की ७ वाजतात. पण सूत्रातला वेळ म्हणजे किती वाजले ते नव्हे, गाडी रस्त्यावर किती वेळ धावली ते. दोन्ही गाड्या एका ठिकाणी आल्या त्या क्षणी मागे वळून पाहा: जी उशिरा निघाली तिचं धावणं कमी झालंय. म्हणून एसटी क्ष तास धावली असेल तर मोटार क्ष − १ तास धावली.

५०क्ष = ७०(क्ष − १)
५०क्ष = ७०क्ष − ७०
२०क्ष = ७०
क्ष = ३.५

एसटी साडेतीन तास धावली, म्हणजे साडेनऊ वाजले. एसटीचं अंतर ५० × ३.५ = १७५ किमी, मोटारीचं ७० × २.५ = १७५ किमी. ठिकाण साताऱ्याच्या पुढे, पण पुण्याच्या अलीकडे येतं, तेव्हा उत्तर रस्त्यावर बसतंय. दुसऱ्या बाजूनेही ताळा घेता येतो. ७ वाजता एसटी ५० किमी पुढे आहे. मोटार दर तासाला त्यातले २० किमी भरून काढते. ५० भागिले २० म्हणजे अडीच तास, आणि ७ नंतर अडीच तासांनी साडेनऊच वाजतात.

मग उणे चिन्ह खोडून तुझं उत्तर कसं जुळलं? तुझ्या समीकरणात, ५०क्ष = ७०(क्ष + १) मध्ये, क्ष च्या जागी −क्ष घालून बघ. चिन्हं बदलली की बरोबर समीकरणच हाती येतं. म्हणून आकडा तोच राहिला, फक्त चिन्ह उलटलं. पण उदाहरणात थोडा जरी बदल झाला तरी हे जुळत नाही. समजा मोटार ७ वाजताच निघाली, पण कोल्हापूरहून नव्हे, त्याच रस्त्यावर २० किमी पुढच्या गावातून. बरोबर मांडणी ५०क्ष = २० + ७०(क्ष − १), त्यातून क्ष = २.५ येतो. तुझ्या पद्धतीने ५०क्ष = २० + ७०(क्ष + १), त्यातून क्ष = −४.५. उणे खोडून साडेचार लिहिलंस तर उत्तर पूर्ण चुकलं. वेळ उणे आला तर तो मांडणीत उलटं काहीतरी झाल्याचा निरोप असतो. चिन्ह खोडायचं नाही. मागे जाऊन कुठला वेळ जास्त आणि कुठला कमी, ते पुन्हा वाचायचं.

आता मुख्य प्रश्न, सुरुवात कशी करायची. आमचा आग्रह एकाच गोष्टीचा आहे: समीकरण सूत्रात शोधू नकोस, उदाहरणातल्या एका वाक्यात शोध. सूत्र फक्त तक्त्याचा एक रकाना भरून देतं.

तक्ता असा. तीन रकाने आखायचे: वेग, वेळ, अंतर. आडव्या ओळी मात्र गाड्यांच्या संख्येएवढ्या नव्हे, प्रवासांच्या संख्येएवढ्या. एकच माणूस गेला आणि आला तर दोन ओळी. ‘वेग ताशी २० किमी जास्त असता तर’ असं म्हटलं असेल तर खऱ्या प्रवासाची एक ओळ आणि ‘असता तर’ची दुसरी, गाडी एकच असली तरी. पुष्कळ मुलं इथे एकच ओळ काढतात आणि दोन वेग एकाच चौकटीत कोंबतात.

मग प्रत्येक ओळीत एक रकाना दिलेल्या माहितीने भर. दुसरा रकाना क्ष ने, किंवा क्ष शी नातं असलेल्या पदाने. तिसरा रकाना दिलेल्या माहितीने कधीही भरायचा नाही, तो सूत्रानेच भरायचा. असं केलंस की उदाहरणातलं एक वाक्य न वापरलेलं उरतं. ते वाक्य तिसऱ्या रकान्याबद्दल असतं आणि तेच तुझं समीकरण असतं.

तुझ्याच उदाहरणावर लावून पाहू.

एसटी: वेग ५०, वेळ क्ष, अंतर ५०क्ष
मोटार: वेग ७०, वेळ क्ष − १, अंतर ७०(क्ष − १)

वेग दिलेले होते. वेळ आपण नाव देऊन आणि ‘१ तास उशिरा’ हे वाक्य वापरून भरला. अंतर सूत्राने भरलं. उरलं काय? ‘गाठेल’. दोघी एकाच ठिकाणाहून निघाल्या आणि एकाच ठिकाणी भेटल्या, म्हणून दोन्ही अंतरं समान. झालं समीकरण.

आता समोरासमोरचं घे. कोल्हापूर ते सांगली अंतर ४८ किमी धरू. दोन सायकलस्वार एकाच वेळी दोन टोकांकडून निघाले, एकाचा वेग दुसऱ्यापेक्षा ताशी ४ किमी जास्त, दीड तासाने भेटले. वेग क्ष आणि क्ष + ४, वेळ दोघांनाही १.५, अंतरं १.५क्ष आणि १.५(क्ष + ४). उरलेलं वाक्य ४८ किमीचं. पण हे ४८ कोणा एकाचं अंतर नाही, दोघांनी मिळून कापलेलं आहे. म्हणून बेरीज: १.५क्ष + १.५(क्ष + ४) = ४८. यातून क्ष = १४, दुसऱ्याचा वेग १८. ताळा: २१ + २७ = ४८. एकाच ठिकाणाहून निघून पाठलाग असला की अंतरं समान, समोरासमोर असलं की अंतरांची बेरीज. हा फरक रस्त्याची एक आडवी रेघ काढून तिच्यावर दोन बाण काढलेस की डोळ्यांनाच दिसतो. रेघ काढायचा कंटाळा करू नकोस, अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

नेमकं घोडं कुठे पेंड खातं, तर एकच वाक्य दोनदा वापरण्यात. ‘१ तास कमी लागतो’ हे वाक्य वापरून वेळेचा रकाना क्ष आणि क्ष − १ असा भरायचा आणि परत समीकरण म्हणून ‘वेळेतला फरक १’ लिहायचं. क्ष − (क्ष − १) = १ सोडवलं की १ = १ उरतं आणि आपलं काय चुकलं ते कळत नाही. समीकरण असं विरघळून गेलं तर समज, एक वाक्य दोनदा वापरलं गेलं आणि दुसरं एक तसंच पडून आहे. वापरलेल्या वाक्याखाली पेन्सिलीने रेघ मारत गेलीस तर हे होणार नाही.

क्ष कशाला मानायचा, हा तुझा दुसरा प्रश्न फार चांगला आहे. सर्वसाधारण उत्तर असं देतात की जे विचारलंय त्याला क्ष माना. ते सुरक्षित आहे, पण दरवेळी सोयीचं नाही. हे उदाहरण बघ. कोल्हापूर ते पुणे अंतर हिशेबासाठी २४० किमी धरू. एका मोटारीचा वेग ताशी २० किमी जास्त असता तर तिला १ तास कमी लागला असता. मोटारीचा वेग काढा.

वेग क्ष मानला तर ओळी अशा:

खरा प्रवास: अंतर २४०, वेग क्ष, वेळ २४०/क्ष
असता तर: अंतर २४०, वेग क्ष + २०, वेळ २४०/(क्ष + २०)

उरलेलं वाक्य वेळेचं: २४०/क्ष − २४०/(क्ष + २०) = १. छेद काढले की क्ष² + २०क्ष − ४८०० = ०. आता ४८०० चे असे दोन अवयव शोधायचे की त्यांच्यात फरक २० चा हवा. ८० आणि ६० सापडतात, पण पेपरात घाई असली की घाम फुटतो. क्ष = ६० किंवा क्ष = −८०.

आता वेळ क्ष मानून बघ. वेळ क्ष आणि क्ष − १, म्हणून वेग २४०/क्ष आणि २४०/(क्ष − १). या वेळी ‘१ तास कमी’ हे वाक्य तक्त्यातच संपलं आणि ‘ताशी २० जास्त’ उरलं:

२४०/(क्ष − १) − २४०/क्ष = २०
२४० = २०क्ष(क्ष − १)
क्ष² − क्ष − १२ = ०
(क्ष − ४)(क्ष + ३) = ०

क्ष = ४ तास, म्हणून वेग २४०/४ = ६०. उत्तर तेच, पण अवयव १२ चे पाडायचे होते, ४८०० चे नाही. वेळेचे आकडे बहुधा लहान असतात, म्हणून वर्गसमीकरणाच्या उदाहरणात वेळ क्ष मानून पाहणं बरेचदा फायद्याचं पडतं. फक्त शेवटी विचारलं काय होतं ते पुन्हा वाच. ४ हे वेगाचं उत्तर म्हणून लिहून बसणारी मुलं कमी नाहीत.

बीजगणितात न कळणाऱ्या राशीला नाव देऊन मगच पुढे जायची रीत आपल्याकडे जुनी आहे. बाराव्या शतकात भास्कराचार्य पहिल्या अज्ञात राशीला यावत्तावत् म्हणत आणि आणखी अज्ञात राशी आल्या की त्यांना कालक, नीलक, पीतक अशी रंगांची नावं देत. नाव काहीही दे, पण ते कोणत्या प्रवासाच्या कोणत्या राशीला दिलं ते पूर्ण वाक्यात लिही. ‘वेळ = क्ष’ हे पुरेसं नाही. कोणाचा वेळ, कुठून कुठपर्यंतचा? तुझ्या एसटीच्या उदाहरणात मोटारीचा वेळ क्ष मानला असतास तर एसटीचा क्ष + १ झाला असता आणि तो अधिक अगदी बरोबर ठरला असता. नाव कोणाला दिलं हे स्पष्ट नसलं की अधिक आणि उणे यांची अदलाबदल होते.

एककांबद्दल थोडं. वेग ताशी किमीमध्ये असेल तर वेळ तासातच हवा. १ तास २० मिनिटं म्हणजे १.२० नव्हे. २० मिनिटं म्हणजे एक तृतीयांश तास, म्हणून ४/३ तास. १२ मिनिटं = १/५, १५ = १/४, ३६ = ३/५, ४० = २/३, ४५ = ३/४ हे अपूर्णांक तोंडावर असावेत. दशांशात जाऊ नकोस. १/३ चा ०.३३ केलास की उत्तर ५९.७ सारखं काहीतरी येतं आणि बरोबर मांडलेलं गणित चुकल्यासारखं वाटतं. मीटर आणि सेकंद आले तर ताशी किमीला ५/१८ ने गुण: ३६ चे १०, ५४ चे १५, ७२ चे २०, ९० चे २५ मीटर प्रति सेकंद.

आगगाडीच्या उदाहरणात हे लगेच लागतं. एक गाडी खांबाला १६ सेकंदांत ओलांडते आणि ३६० मीटर लांबीच्या फलाटाला ४० सेकंदांत. गाडीची लांबी आणि वेग काढा. मिरज मार्गावरच्या रुकडी स्थानकात उभी आहेस असं समज. इंजिन फलाटाच्या कडेला आल्यापासून शेवटचा डबा दुसऱ्या कडेबाहेर पडेपर्यंत घड्याळ चालू आहे. तेवढ्या वेळात इंजिनाने फलाटाची लांबी कापलीच, शिवाय गाडीची स्वतःची लांबीही कापली. म्हणून अंतरं क्ष आणि क्ष + ३६०. वेग दोन्ही वेळी एकच: क्ष/१६ = (क्ष + ३६०)/४०. ४०क्ष = १६क्ष + ५७६०, क्ष = २४० मीटर. वेग २४०/१६ = १५ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५४ किमी. यात एकच चूक वारंवार होते, फलाट ओलांडताना गाडीची लांबी विसरणं.

दोन चलांची उदाहरणं मुलांना जास्त भीतीदायक वाटतात, आणि आमच्या मते त्यांचं शिकवणंच थोडं घाईचं होतं. म्हणून इथे जरा थांबू. एका प्रवाशाने २०० किमीपैकी १२० किमी रेल्वेने आणि ८० किमी एसटीने कापले, त्याला ४ तास लागले. परतताना त्याने ६० किमी रेल्वेने आणि १४० किमी एसटीने कापले, साडेचार तास लागले. दोन्हींचे वेग काढा.

रेल्वेचा वेग क्ष, एसटीचा य. इथे तक्त्याच्या चार ओळी होतात, कारण प्रवासाचे चार तुकडे आहेत. चारही ओळींत अंतर दिलेलं, वेगाला नाव दिलेलं, वेळ सूत्राने: १२०/क्ष, ८०/य, ६०/क्ष, १४०/य. उरलेली वाक्यं दोन, समीकरणं दोन:

१२०/क्ष + ८०/य = ४
६०/क्ष + १४०/य = ४.५

चल छेदात आहेत, म्हणून १/क्ष = म आणि १/य = न असं बदलायचं. ही पायरी मुलं युक्ती म्हणून पाठ करतात, पण म ला स्वतःचा अर्थ आहे: रेल्वेला १ किमी जायला लागणारा वेळ. न म्हणजे एसटीला १ किमीला लागणारा वेळ. तो अर्थ धरून वाच, १२०म + ८०न = ४. म्हणजे रेल्वेच्या १२० किलोमीटरांचा वेळ अधिक एसटीच्या ८० किलोमीटरांचा वेळ मिळून ४ तास. अगदी सरळ वाक्य आहे.

दुसऱ्या समीकरणाला २ ने गुणू: १२०म + २८०न = ९. पहिलं वजा करू: २००न = ५, न = १/४०. पहिल्यात घालू: १२०म = २, म = १/६०. इथे थांबून ‘एसटीचा वेग १/४०’ असं लिहिणाऱ्या उत्तरपत्रिका दरवर्षी निघतात. न हा वेग नाही, त्याचा व्यस्त घ्यायचा: य = ४०, क्ष = ६०. ताळाही अर्थावरून घे. रेल्वेला १ किमीला १ मिनिट, एसटीला दीड मिनिट. परतताना ६० किमी रेल्वेवरून एसटीवर गेले, दर किलोमीटरला अर्धा मिनिट जास्त, एकूण ३० मिनिटं जास्त. ४ चे साडेचार का झाले ते समीकरणाशिवायच पटलं.

नावेच्या उदाहरणांत नवीन काही नाही, फक्त वेगाचा रकाना दोन तुकड्यांचा असतो. संथ पाण्यात नावेचा वेग ताशी १० किमी. ती प्रवाहाच्या विरुद्ध २४ किमी जाऊन प्रवाहाबरोबर परत आली, एकूण ५ तास लागले. प्रवाहाचा वेग क्ष. जाताना वेग १० − क्ष, येताना १० + क्ष. समीकरण २४/(१० − क्ष) + २४/(१० + क्ष) = ५. छेद काढताना अंशांची बेरीज २४ × २० = ४८०, कारण क्ष असलेली पदं एकमेकांना खातात. ४८० = ५(१०० − क्ष²), क्ष² = ४, क्ष = २. उणे २ घ्यायचं नाही, कारण विरुद्ध दिशा आपण आधीच वजा चिन्हाने दाखवली आहे. ताळा: ३ तास आणि २ तास. प्रवाहाचा वेग नावेपेक्षा जास्त किंवा तेवढाच आला तर गणित चुकलंय हे नक्की, तशी नाव वर जाऊच शकत नाही. पुराच्या पाण्यात वल्ह्याची नाव का घालत नाहीत, ते याच १० − क्ष वरून समजतं.

सरासरी वेगात मात्र हुशार मुलंही फसतात. पन्हाळा कोल्हापूरपासून २० किमी धर. चढताना ताशी ३०, उतरताना ताशी ६०. सरासरी ४५ नाही. जाताना ४० मिनिटं, येताना २० मिनिटं, ४० किमीला एक तास, म्हणून सरासरी ४०. कमी वेगाने आपण जास्त वेळ चालतो, म्हणून त्याचं वजन जास्त पडतं. एकूण अंतर भागिले एकूण वेळ, याखेरीज दुसरा रस्ता नाही. आणि हे करून बघ: जाताना ताशी ३० ने गेलो, तर पूर्ण फेरीची सरासरी ताशी ६० होण्यासाठी किती वेगाने परतायचं? समीकरण २०/३० + २०/क्ष = ४०/६०. डावीकडचे २०/३० आणि उजवीकडचे ४०/६० सारखेच आहेत, म्हणून २०/क्ष = ० उरतं. असा कुठलाच क्ष नाही. सगळा वेळ चढतानाच संपला. ‘उत्तर शक्य नाही’ हेही समीकरण स्पष्टपणे सांगतं.

तुझा बीजगणिताचा पेपर ४० गुणांचा आणि २ तासांचा असतो, त्यामुळे तक्ता सुबक काढायला वेळ नाही. कच्च्या कामात हाताने आखलास तरी चालेल, पण उत्तरात या गोष्टी दिसायलाच हव्यात: ‘समजा, एसटीने घेतलेला वेळ क्ष तास’ असं एककासह पूर्ण वाक्य, सूत्राने भरलेली दोन्ही पदं, दिलेल्या अटीवरून समीकरण (‘दिलेल्या अटीनुसार’ असं लिहून), सोडवणूक, आणि शेवटी उत्तराचं वाक्य. वर्गसमीकरणाचं एक मूळ सोडताना ‘परंतु वेग ऋण नसतो, म्हणून क्ष = −८० अमान्य’ ही ओळ विसरू नकोस. नुसती काट मारलीस तर कारण दिलं असं होत नाही. तुझ्या एसटीच्या उदाहरणात मात्र मूळ एकच होतं, तिथे चूक मांडणीतल्या अधिक चिन्हाची होती आणि गुण गेले ते त्यामुळेच.

सरावासाठी आठवडाभर एक वेगळी गोष्ट कर. रोज पाच उदाहरणं घे आणि ती सोडवू नकोस. फक्त तक्ता भर, समीकरण लिही आणि थांब. सोडवता तुला येतंच, मग वेळ तिथे का घालवायचा? त्यानंतर उलटं कर, स्वतः उदाहरण तयार कर. आधी उत्तर ठरव, समज वेग ४० आणि ६०. त्यावरून अंतरं आणि वेळ काढ. मग वेग झाकून बाकीची माहिती वाक्यांत लिही. कोणती माहिती दिली की उदाहरण सुटतं आणि कोणती कमी पडते, हे तयार करताना जितकं कळतं तितकं शंभर उदाहरणं सोडवून कळत नाही.

क्लासला येताना महामार्गावर एसटीच्या खिडकीतून किलोमीटरचे दगड दिसतील. एका दगडापासून पुढच्या दगडापर्यंतचे सेकंद मोज आणि ३६०० ला त्या आकड्याने भाग, ताशी वेग मिळेल. ९० सेकंद लागले तर ४०, ७२ लागले तर ५०, ६० लागले तर ६०. म्हणजे उत्तरात एसटीचा वेग ताशी ५ किंवा ३०० आला तर लगेच खटकेल.

आता ही तीन उदाहरणं तक्ता काढून कर.

एक दुचाकीस्वार कोल्हापूरहून ३० किमीवरच्या इचलकरंजीला रोज ठरावीक वेगाने जातो. पावसामुळे वेग ताशी १० किमीने कमी झाला आणि १५ मिनिटं उशीर झाला. रोजचा वेग किती? (१५ मिनिटांचं १/४ तास केल्याशिवाय पुढे जाऊ नकोस.)

९० किमी अंतरावरच्या दोन गावांतून दोन गाड्या एकाच वेळी निघाल्या. समोरासमोर आल्या तर १ तासात भेटतात, एकाच दिशेने गेल्या तर जास्त वेगाची दुसरीला ९ तासांनी गाठते. दोन्हींचे वेग किती? (दुसऱ्या अटीत ९० किमी हा अंतरांमधला फरक आहे.)

एक एसटी १२० किमीच्या प्रवासात बरोबर मध्यावर अर्धा तास बंद पडली. उरलेलं अंतर तिने ताशी २० किमी जास्त वेगाने कापलं आणि ठरल्या वेळेला पोहोचली. तिचा आधीचा वेग किती? (पहिले ६० किमी दोन्ही बाजूंना सारखेच आहेत, ते तक्त्यात घेऊ नकोस. थांबण्याचा वेळ आणि धावण्याचा वेळ वेगवेगळे लिही.)

उत्तरं क्रमाने: ताशी ४० किमी, ताशी ५० आणि ४० किमी, ताशी ४० किमी. तिसऱ्याचं समीकरण ६०/क्ष = १/२ + ६०/(क्ष + २०) असं आलं तर मांडणी बरोबर आहे. अर्धा तास डाव्या बाजूला गेला असेल तर ठरलेला प्रवास आणि प्रत्यक्ष प्रवास यांच्या ओळींची अदलाबदल झाली आहे, त्या दोन ओळी पुन्हा भर.